पश्चिमेच्या उन्हाचा हॉल आणि आठ महिने वापरलेला मिनी एलईडी

आमचा फ्लॅट ठाण्यात वसंत विहारच्या बाजूला, चौदाव्या मजल्यावर, आणि हॉलची मोठी सरकती खिडकी थेट पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे. घर घेताना येईल तो म्हणायचा काय व्ह्यू आहे, आणि खरंच आहे, पावसाळ्यात तर समोर नुसता हिरवा डोंगर आणि त्यावर उतरलेले ढग. पण दुपारी तीनपासून सूर्य डोंगराआड जाईपर्यंत आमच्या जुन्या ४० इंची टीव्हीवर धड काही दिसायचं नाही. रात्रीचा सीन असलेली मालिका लागली की पडद्यावर आम्हीच दिसायचो, खिडकी दिसायची, वाळत घातलेले टॉवेल दिसायचे. सासरे ७६ वर्षांचे, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, दिवसभर टीव्हीसमोर तेच असतात, त्यामुळे हा विषय आमच्याकडे शौकाचा नव्हता, त्यांना नीट दिसावं एवढंच हवं होतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि दिवाळी तोंडावर होती, म्हणून म्हटलं आता घेऊनच टाकू. डोक्यात एकच होतं, ओएलईडी. कारण खारघरला ताईकडे ५५ इंची ओएलईडी आहे आणि तो मी गणपतीत रात्री बघितला होता, दिवे बंद करून, आणि त्यातला काळा रंग बघून मी अक्षरशः गप्प बसले होते. काळं म्हणजे काळं, टीव्हीची चौकट कुठे संपते आणि अंधार कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. फोर-के ओएलईडीत जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात आणि प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः देतो, काळं दाखवायचं असेल तर तो पिक्सेल चक्क बंद होतो. एलसीडीला हे जमत नाही, तिथे मागे दिवा लागलेलाच असतो. आणि हो, दुकानात ज्याला एलईडी टीव्ही म्हणतात तो एलसीडीच, फक्त मागचा दिवा एलईडीचा, क्यूएलईडीसुद्धा तोच, त्यात रंग सुधारायला क्वांटम डॉटचा एक थर जास्त.

मग भावोजी म्हणाले, अगं घ्यायच्या आधी एकदा दुपारी ये आणि बघ. त्यांचा हॉल पहिल्या मजल्यावर, उत्तरेला खिडकी, समोर झाडं, म्हणजे आमच्यापेक्षा कितीतरी सौम्य उजेड. तरी दुपारी तीन वाजता पडदे उघडे ठेवून तोच टीव्ही लावला, तर चित्र छान होतं पण ती रात्रीची जादू नव्हती. काळा राखाडी झाला होता. मग मी टीव्ही बंद करायला सांगितला आणि सोफ्यावर बसून बंद पडद्याकडे बघत राहिले. आणि तिथे मला सगळं कळलं.

बंद असताना तुमच्या सोफ्यावरून पडदा जेवढा काळा दिसतो, त्याहून जास्त काळं त्या वेळी कुठलाही टीव्ही दाखवू शकत नाही. टीव्ही फक्त उजेड देऊ शकतो, खोलीतला उजेड शोषून घ्यायचं काम पडद्याच्या वरच्या थराचं, आणि ते प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. म्हणजे दिवसा तुम्ही ओएलईडीच्या ज्या काळ्या रंगासाठी जास्तीचे पन्नास हजार मोजता, तो काळा रंग खिडकी उघडी असेपर्यंत तुम्हाला मिळतच नाही. टीव्ही घ्यायच्या विचारात असाल तर आधी हेच करा, फुकटात होतं, ज्या वेळी तुमच्या घरात सगळ्यात जास्त टीव्ही चालतो त्या वेळी जुना टीव्ही बंद करा आणि प्रत्येकाने आपापल्या नेहमीच्या जागी बसून पडद्यात काय दिसतंय ते बघा. आमच्याकडे मला सोफ्याच्या मध्यावरून सोफ्यामागची भिंत दिसली, मुलीला डावीकडच्या कोपऱ्यातून स्वयंपाकघराचं दार, आणि बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खुर्चीतून पूर्ण खिडकी, आख्खी, आकाशासकट. एवढी वर्षं ते गृहस्थ काही बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

याचं कारण आमच्या हॉलची रचना. खिडकी पश्चिमेच्या टोकाला, टीव्ही उत्तरेच्या लांब भिंतीवर, समोर सोफा, आणि बाबांची खुर्ची उजव्या टोकाला जेवणाच्या टेबलापाशी कारण तिथून त्यांना उठून आत जायला सोपं पडतं. आरशाचा नियम आहे, उजव्या टोकाच्या माणसाला डावीकडची खिडकी दिसणारच. ठाण्यातल्या, नवी मुंबईतल्या बहुतेक टॉवरमध्ये हॉल असाच लांबट असतो आणि एका टोकाला खिडकी किंवा बाल्कनी, त्यामुळे हे खूप जणांना लागू होईल.

मग दुकानं. एक घोडबंदर रोडवरचं मोठं शोरूम आणि एक नौपाड्यातलं जुनं दुकान, दोन्हीकडे दोनदा गेले. शोरूममध्ये सगळे टीव्ही ओळीने लावलेले, सगळ्यांवर फुलांचे, पोपटांचे, रंगाच्या फटाक्यांचे व्हिडिओ, सगळे डेमो मोडवर. अशाने काहीच कळत नाही. वरचे दिवे छतातून खाली येतात आणि तुमच्या घरातला उजेड आडवा खिडकीतून येतो, त्यामुळे तिथे न दिसणारं प्रतिबिंब घरी दिसतं. नौपाड्यातल्या दुकानात मात्र मुलगा चांगला होता, मी म्हटलं डेमो मोड काढ, स्टँडर्ड लाव आणि सेट टॉप बॉक्स जोडून मला साधा न्यूज चॅनल आणि क्रिकेट दाखव, तर त्याने आढेवेढे न घेता केलं. वर म्हणाला, "मॅडम, दारापाशी जो टीव्ही आहे तो बघा, तिथे रस्त्याचा उजेड पडतो, तुम्हाला घरासारखं वाटेल." एवढं एक वाक्य मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

सेट टॉप बॉक्सचा आग्रह का, तर पेटीवर किंवा जाहिरातीत जे हजार निट्स, दोन हजार निट्स (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) लिहिलेलं असतं ते एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या, चित्रातल्या छोट्याशा चमकत्या भागाचं असतं. आपण दिवसा बघतो काय, बातम्या, मालिकांचे रिपीट, मॅच, बहुतेक सगळं साधं, एचडीआर नसलेलं, म्हणजे एसडीआर. आणि ते पूर्ण पडदाभर उजळ असतं. ओएलईडीची अडचण इथे येते. छोट्या भागात तो जबरदस्त चमकतो, पण पडद्याचा जास्त भाग उजळ झाला की तो आपोआप स्वतःला कमी करतो, वीज आणि उष्णता आवरायला. बऱ्याच मॉडेलमध्ये पूर्ण पांढरा पडदा दोनशे-अडीचशे निट्सच्या आसपास येतो. नवीन महाग मॉडेल यापेक्षा पुढे गेलेत, पण त्यांच्या किमतीत माझं अख्खं हॉलचं फर्निचर झालं असतं. क्रिकेटचं मैदान म्हणजे उन्हातलं हिरवं, आकाश, पांढरे कपडे, म्हणजे पूर्ण पडदा उजळ. चांगला मिनी एलईडी, म्हणजे मागे बारीक दिवे असलेला एलसीडी, तिथे पाचशे-सहाशे निट्सवर टिकून राहतो. दारापाशी दोन्ही शेजारी शेजारी बघितल्यावर मला मीटर लागला नाही, डोळ्यांनाच कळलं.

मिनी एलईडी म्हणजे पण एलसीडीच, मागे मोठ्या दिव्यांऐवजी हजारो बारीक दिवे आणि ते गटागटाने, म्हणजे झोनप्रमाणे, कमी-जास्त होतात. टीसीएलने २०१९ मध्ये पहिल्यांदा असा टीव्ही बाजारात आणला, नंतर सगळेच आले. नावांचा मात्र फार घोळ आहे. सॅमसंगचं निओ क्यूएलईडी म्हणजे बहुतेक वेळा मिनी एलईडी पण नुसतं क्यूएलईडी म्हणजे नाही, एलजीच्या क्यूएनईडीत काही मॉडेल मिनी एलईडी आहेत आणि काही नाहीत. म्हणून नाव सोडा आणि दोन गोष्टी विचारा, मागचे दिवे पूर्ण पाठीवर आहेत की फक्त कडेला, आणि झोन किती. स्वस्तात शंभर-दीडशे झोन असतात, चांगल्यात पाचशेच्या वर, महागात हजारांत. कडेला दिवे असलेला स्वस्त क्यूएलईडी उन्हाच्या हॉलसाठी घेऊ नका, क्वांटम डॉटने रंग सुधारतो, आपोआप उजेड वाढत नाही. तसंच २५०-३०० निट्सच्या टीव्हीवर डॉल्बी व्हिजनचा (हा एचडीआरचाच एक प्रकार) लोगो असला तरी उन्हात काही फरक पडत नाही, आणि 'ए प्लस ग्रेड पॅनल' या शब्दांतून तर ब्राइटनेसबद्दल काहीच कळत नाही.

ओएलईडीत पण दोन जाती आहेत हे मला तेव्हाच कळलं. एलजी डिस्प्लेचा पांढऱ्या ओएलईडीवाला आणि सॅमसंग डिस्प्लेचा २०२२ मध्ये टीव्हीत आलेला क्यूडी-ओएलईडी. दुसऱ्याचे रंग अप्रतिम, पण त्यात पोलरायझरचा, म्हणजे बाहेरचा उजेड अडवणारा, थर नसतो त्यामुळे खोलीत उजेड असला की काळा भाग जांभळट-राखाडी दिसतो. आमच्यासारख्या हॉलमध्ये ओएलईडीच घ्यायचा असेल तर पहिला प्रकार बघा. मॅट पडद्यावालेही आता येतात, त्यात खिडकीचं प्रतिबिंब धारदार दिसत नाही, पसरून जातं, पण पसरलेला तो उजेड सगळ्या काळ्यावर हलकी साय आल्यासारखा बसतो. बघून ठरवा, काहींना तेच आवडतं.

पण ओएलईडी मी खरं तर सोडला तो बाबांमुळे. बाबा सकाळी सात ते नऊ आणि मग दुपारी जेवणानंतर संध्याकाळपर्यंत मराठी न्यूज चॅनल लावतात. खाली लाल-पिवळ्या पट्ट्या, कोपऱ्यात लोगो, बाजूला ब्रेकिंग न्यूजची चौकट, रोज सहा-सात तास, तीच जागा, तोच रंग. ओएलईडीचे पिक्सेल वापराने झिजतात आणि जिथे सतत एकच उजळ गोष्ट असते तिथे जास्त झिजतात, मग कायमचा डाग राहू शकतो, त्याला बर्न-इन म्हणतात. कंपन्यांनी उपाय केलेत, चित्र किंचित हलवत ठेवतात, लोगो मंद करतात, बंद केल्यावर पॅनल स्वतःची दुरुस्ती करतं, आणि घरात वेगवेगळं काही बघत असाल तर बहुधा काही होणारही नाही. पण आमच्याकडे बघणारा एक आणि चॅनल एक, त्यात उन्हामुळे ब्राइटनेस कायम पूर्ण वर. यापेक्षा वाईट जोडी नाही. आणि मी बाबांना "चॅनल बदला हं अर्ध्या तासाने" असं सांगत बसणार नाही, टीव्ही त्यांच्यासाठी आहे. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी बर्न-इन वॉरंटीत बसतं का ते लेखी विचारा, तोंडी नको.

एक मोठी गोष्ट राहिली, बाजूने बघणं. एलसीडी पॅनल मुख्यतः दोन प्रकारचे, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, चांगला, साधारण तीन हजारास एक किंवा जास्त, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट हजारास एकच्या आसपास पण कडेच्या माणसाला रंग नीट दिसतात. ओएलईडी इथे सगळ्यांच्या वर आहे, कुठूनही बघा. बाबांची खुर्ची कडेला, म्हणजे मला आयपीएस हवं की व्हीए? याच्यावर मी आठवडा घालवला. दुकानदाराला हे बहुतेक सांगता येत नाही आणि एकाच सिरीजमध्ये इंच बदलले की पॅनल बदलू शकतं, त्यामुळे ६५ इंचीचा रिव्ह्यू वाचून ५५ इंची घेऊ नका. मी सरळ दुकानात बाबांच्या खुर्चीएवढ्या कोनात जाऊन उभी राहिले आणि बातमीदाराच्या चेहऱ्याचा रंग बघितला. काही टीव्हींवर चेहरा खडूसारखा झाला. जो घेतला त्याच्यावर थोडा फिका झाला, एवढंच.

शेवटी ५५ इंची मिनी एलईडी, व्हीए पॅनल, पाचशेच्या आसपास झोन, साठ हजारांच्या आत. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही कारण दर वर्षी नंबर बदलतात आणि तुम्ही शोधेपर्यंत तो गेलेला असेल. आमच्या सोफ्यापासून टीव्ही साडेआठ फूट आहे, त्याला ५५ बरोबर बसला.

आता आठ महिने झाले. दिवसा चित्र फार सुंदर दिसतं, हे मनापासून सांगते. दुपारी दीडला सुरू होणारी वनडे खिडकीचा पडदा अर्धा उघडा ठेवून बघता येते, चेंडू दिसतो, स्कोअरची पट्टी बाबांना चष्म्याशिवाय वाचता येते. रात्री मात्र दिवे बंद करून काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे सबटायटल आले की अक्षरांभोवती धूसर प्रभा दिसते, झोनची हीच मर्यादा, ताईच्या टीव्हीवर ती अजिबात नाही. मुलगी आणि मी शनिवारी रात्री सिनेमा बघतो तेव्हा ते जाणवतं. टीव्हीमागे एक मंद दिवा लावला की बरंच कमी होतं, आणि दिवसाच्या सुखापुढे मी ते चालवून घेतलं. ब्राइटनेस वर ठेवला की वीजही लागते, आमचा पूर्ण वर असताना दीडशे वॅटच्या पुढे जातो, म्हणजे आठ तासांना सव्वा युनिट धरा.

पण नुसत्या टीव्हीने प्रश्न सुटला असता असं मी म्हणणार नाही. फिट करायला आलेला माणूस भिंतीला चिकटून बसणारा साधा स्टँड लावणार होता, मी त्याला थांबवलं आणि हलणारा, पुढे येऊन वळणारा स्टँड लावून घेतला, त्याचे वेगळे पैसे पडले. पडदा दहा अंश वळवला की प्रतिबिंब वीस अंश सरकतं, शाळेतलाच नियम. टीव्ही बाबांच्या खुर्चीकडे थोडा वळवला आणि त्यांच्या पडद्यातून खिडकी गेली, तिथे टीव्हीसमोरची रंगवलेली भिंत आली, आणि त्यांचा बघायचा कोन कमी झाल्यामुळे रंगही भरले. एका स्टँडने दोन कामं झाली. माझ्या मते या आख्ख्या खरेदीतले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे तेच.

डिसेंबरमध्ये वेगळाच प्रकार कळला. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे मावळतो, त्यामुळे चार ते साडेपाच ऊन तिरकं आत येऊन उत्तरेच्या भिंतीवर, म्हणजे थेट टीव्हीवर. तिथे टीव्हीचा कुठलाच पडदा टिकत नाही, ओएलईडी नाही, मिनी एलईडी नाही, थेट उन्हाशी कोणाची बरोबरी नाही. आधी आमच्याकडे पांढरा नेटचा पडदा होता आणि मला वाटायचं तो ऊन अडवतो. अडवत नाही, ऊन पडलं की तो आख्खा पडदाच दिव्यासारखा उजळतो आणि टीव्हीत अजून मोठा दिसतो. तो काढून गडद राखाडी रोलर ब्लाइंड लावला, वरून खाली येणारा, गरजेपुरता अर्धा ओढता येतो आणि डोंगर दिसायचा राहत नाही. मे महिन्यात सूर्य वायव्येकडे सरकला आणि ऊन समोरच्या सोफ्याच्या भिंतीवर गेलं, टीव्ही सुटला. तेव्हा, नवीन घर घेतलेल्यांनो, टीव्हीची भिंत ठरवताना डिसेंबरातलं चारचं ऊन कुठे पडतं ते बघा, इंटिरियरवाले हे विचारत नाहीत. पश्चिमेची खिडकी असेल तर दक्षिणेची भिंत हिवाळ्यात वाचते, उत्तरेची उन्हाळ्यात.

आणि आता पाऊस सुरू झालाय, तर ढगाळ दुपारी आकाश नुसतं पांढरं असतं, त्याचा त्रास उन्हापेक्षा थोडा वेगळा, सगळीकडून सारखा उजेड. इथे मिनी एलईडी परत कामाला येतो कारण ब्लाइंड पूर्ण ओढून अंधारात बसायची इच्छा नसते, डोंगर बघायचा असतो.

सेटिंगचं थोडक्यात सांगते. आलं की डेमो किंवा व्हिव्हिड मोडवर सोडू नका, चेहरे निळे-पांढरे दिसतात. मी दिवसासाठी स्टँडर्ड, बॅकलाइट पूर्ण वर, गॅमा एक पायरी उजळ म्हणजे सावलीतले तपशील दिसतात, कलर टोन वॉर्मकडे. रात्रीसाठी फिल्ममेकर मोड, बॅकलाइट निम्म्यावर. खोलीचा उजेड ओळखून आपोआप बदलणारा सेन्सर आहे पण ढग आला-गेला की तो सारखा वरखाली करायचा, बाबांच्या डोळ्यांना ते झेपेना, बंद केला. पॉवर सेव्हिंगही बंद केलं, बहुतेक टीव्ही ते सुरू करूनच येतात आणि मग लोक म्हणतात टीव्ही अंधारा आहे.

आवाज ठीक आहे, बातम्यांना पुरतो.

माझ्या मैत्रिणीचा नेरूळला पूर्वेचा हॉल आहे, सगळे ऑफिसला, टीव्ही रात्री नऊनंतर दोन तास. तिने विचारलं तेव्हा मी तिला ओएलईडीच घे म्हटलं, तिने घेतला, आणि खूष आहे. आमच्याकडे बाबा आता जेवण झालं की ब्लाइंड निम्मा ओढून घेतात, खुर्ची थोडी पुढे घेतात आणि बातम्या लावतात. मध्यंतरी मला हाक मारून म्हणाले, "अगं, या बाईच्या साडीला काठ आहे बघ, आधी दिसायचाच नाही."